दादा शिडीवरून पडला

हवाई दलातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी लोक घरी येतात, चहा पितात आणि लढाईच्या गोष्टी काढतात. मीही सांगतो. लढाऊ विमानं उडवली, दोन लढाया पाहिल्या, शेवटी एअर मार्शल म्हणून उतरलो. ऐकणाऱ्याला तेवढं पुरतं. पण आमच्या गावी, नरखेड तालुक्यात, लढाईचं कोणी विचारत नाही. तिथं माझं नाव एकाच गोष्टीसाठी घेतात: या पोरानं बापाच्या संत्र्याच्या बगिच्यावरून विमान नेलं. आजही पारावर ती गोष्ट निघते आणि सांगणारा हात आडवा करून दाखवतो, इतकं खाली, एवढंच.

मी पायलट झालो तेव्हा गावात कोणाला ते पटलं नव्हतं. शेतकऱ्याचा पोरगा, नागपुरात कॉलेज केलं म्हणून काय विमान चालवेल? मंडळी बाबांना म्हणायची, पोरगा विमान पुसत असेल, नाहीतर चाकात हवा भरत असेल. बाबा भयंकर तापट. आमच्या घराण्यात जमीन कमी आणि राग जास्त, आणि रागाची वाटणी मात्र चोख झालेली. त्यांनी मला पत्र लिहिलं, एकदा आपल्या बगिच्यावरून ने, म्हणजे यांची तोंडं कायमची बंद होतात.

आता हे करायचं नसतं. ठरलेली वाट आणि ठरलेली उंची सोडून घरावरून खाली विमान आणणं हा आमच्याकडे मोठा गुन्हा. त्याची शिक्षा म्हणजे पंख जाणं. पायलटच्या छातीवर पंखांची खूण असते ना, ती काढून घेतात आणि मग माणूस जन्मभर जमिनीवर. पण खरं सांगतो, ही खाज प्रत्येकाला असते. कोणी आईच्या घरावरून नेतो, कोणी होणाऱ्या बायकोच्या. बहुतेक सगळे पचवतात आणि म्हातारपणी हसत सांगतात.

पासष्टच्या लढाईच्या वर्षीच, जानेवारीत, मला एक विमान दुसऱ्या तळावर न्यायचं होतं आणि मध्ये नागपूरला, सोनेगावच्या विमानतळावर, इंधन घ्यायला उतरायचं होतं. मी घरी कळवलं, या या दोन दिवसांत सकाळी येईन, बगिच्यातल्या घराच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, पांढरं धोतर पसरून ठेवा. दुसऱ्या दिवशी आकाश मोकळं मिळालं. धोतर दिसलं. संत्र्याची झाडं हिरव्या ठिपक्यांसारखी होती ती एकदम झाडं झाली, पानं दिसायला लागली आणि मी बगिच्यावरून सुसाट निघून गेलो. बाबांनी एकदाच मागितलं होतं. पण पंचविशीचं वय आणि अंगात मस्ती. मी वळलो आणि दुसरी फेरी मारली, पहिलीपेक्षा खाली. विहिरीपाशी माणसं हात वर करून धावताना दिसली. मला वाटलं, खुळावले सगळे आनंदानं. सोनेगावला उतरल्यावर एकट्यानंच दोन प्लेट समोसे खाल्ले.

कोणी तक्रार केली नाही. कोणाला कळलंही नाही. महिन्याभराने बाबांचं पत्र आलं. गावात सगळ्यांची तोंडं बंद झाली, असं आधी लिहिलं होतं. मग खाली, संत्री तोडताना दादा शिडीवरून पडला, पायाला लागलं, नागपूरच्या दवाखान्यात आहे, काळजी करू नको. त्यानंतरच्या पत्रात, पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. मी कॉलेजात असताना माझ्यासाठी गावाहून डबा घेऊन सायकलवर स्टेशनापर्यंत येणारा. मला वाईट वाटलं, फार वाटलं. पण सुट्टी मिळून मी गावी पोचलो तोवर तो कुबडी घेऊन हिंडायला लागला होता, आणि माझ्या वाईट वाटण्याचं पुढे रागात रूपांतर झालं. शिडी झाडाला न बांधता वर चढतोच कसा माणूस? इतकी वर्षं बगिच्यात काढली आणि एवढी अक्कल नाही? मी त्याला तोंडावर बोललो. तो म्हणाला, चुकलं गा. बाबा खाली मान घालून तंबाखू मळत होते. बैलजोडी विकून टाकली होती आणि विहिरीवर विजेची मोटर बसली होती. मी म्हणालो, बरं झालं, शेवटी सुधारलात.

याच्यापुढचं सांगायला मला जड जातं. पुढे काही वर्षं माझ्याकडे विमानसुरक्षेचं काम होतं. ठिकठिकाणी जाऊन कोवळ्या पायलटांना भाषण द्यायचं, की अपघात नशिबानं होत नाही, बेफिकिरीनं होतो. त्या भाषणात मी दादाला घालायचो. माझा सख्खा भाऊ, शिडी बांधायला दोन मिनिटं लागतात म्हणून बांधली नाही आणि पाय घालवून बसला. पोरं हसायची नाहीत, वहीत लिहून घ्यायची. ते भाषण मी किती वेळा दिलं याची गणती नाही. चांगलं व्हायचं माझं भाषण.

ऐंशीनंतर माझी बदली नागपूरला झाली, एअर कमोडोर म्हणून. बाबा तोवर गेले होते. आई आधीच. रविवारी गाडी काढायची, काटोलवरून गावी जायचं, वहिनीच्या हातचं जेवायचं आणि संध्याकाळी परत, असा माझा क्रम झाला. तेव्हाच एक चौकशी माझ्याकडे आली. दुसऱ्या तळावरचा एक तरुण पायलट, चोवीस-पंचवीस वर्षांचा, जळगावकडचा, केळीवाल्या शेतकऱ्याचा मुलगा. यानं एप्रिलमध्ये आपल्या गावावरून विमान नेलं होतं. गावातल्याच कोणीतरी चिडून कलेक्टरला पत्र लिहिलं आणि भानगड उघडी पडली. बाहेरच्या माणसानं चौकशी करावी म्हणून माझी नेमणूक झाली. पोराला नागपुरातच थांबवून ठेवलं होतं. कबूल सगळं केलं होतं त्यानं. आता प्रश्न एवढाच होता, की त्याचे पंख काढायचे की नुसती बढती रोखून सोडून द्यायचं. ते माझ्या शिफारशीवर होतं.

आणि मी ठरवलं होतं, काढायचे. तुम्ही म्हणाल, तुम्ही स्वतः तेच केलंत ना? केलं होतं. पण माणूस खुर्चीत बसला की त्याला आपलं जुनं पाप पोरकटपणा वाटतं आणि दुसऱ्याचं पाप बेशिस्त वाटतं. शिवाय माझ्या वेळी कोणाला काही झालं नव्हतं, असं मी स्वतःला सांगायचो. तसं पाहिलं तर याच्याही वेळी कोणाला काही झालं नव्हतं. जबाबांमध्ये एकच जरा वेगळी गोष्ट होती, की त्याच दिवशी पोराची आई पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. पण तिनं स्वतः अंगठा देऊन सांगितलं होतं, न्हाणीत शेवाळावरून पाय घसरला, विमानाचा संबंध नाही. मी ते पान उलटून टाकलं.

त्या रविवारी गावी गेलो तो याच रागात. वहिनीनं पाटोडीचा रस्सा केला होता. दादाला खाली मांडी घालता येत नाही म्हणून तो बाजेवर बसून जेवायचा, मी खाली पाटावर. मी जेवता जेवता त्या पोराचं सगळं सांगितलं, नाव-गाव सोडून, आणि उद्या पंख काढायची शिफारस लिहितो म्हणालो. दादा घास थांबवून ऐकत होता. त्यानं विचारलं, विमान उडवायचं बंदच होईल का त्याचं? मी म्हणालो, जन्मभरासाठी.

'लेकरू आहे गा थे,' दादा म्हणाला. 'नको काढू त्याचे पंख.'

तो असा कशात पडायचा नाही. माझ्या नोकरीतलं त्यानं कधी काही मागितलं नव्हतं, साधी दारूची बाटलीसुद्धा नाही. पण त्या दिवशी तो मागेच लागला. दोनदा म्हणाला, तीनदा म्हणाला. माझं डोकं सरकलं. घरी मी आमच्याच बोलीत बोलतो, आणि रागात तर फारच.

'शिस्त नसली का काय होते, थे तुयाकडे पाहून समजते,' मी म्हणालो. 'थे शिडी बांधली असती तं आज दोन पायांवर उभा असता.'

वहिनी भाकर वाढायला वाकली होती. ती तशीच थांबली. मग तिनं भाकर परत टोपलीत ठेवली, पदराला हात पुसले आणि माझ्यासमोर खाली बसली. लग्न होऊन आली तेव्हापासून ती माझ्याशी कधी मान वर करून बोललेली मला आठवत नाही.

'भाऊजी, थे शिडीवरून नाही पडले. तुमचं विमान आलं तवा थे मोटेवर होते.'

दादा ओरडला, तू चूप राह्य वं. ती म्हणाली, सतरा वर्षं चूपच होती, आता नाही होत मले. आणि मग तिनं सांगितलं, अगदी हळू, कोणाचं तरी दुखणं सांगावं तसं.

संत्र्याच्या आंबिया बहाराचं, म्हणजे उन्हाळ्याआधी फुलणाऱ्या बहाराचं, पहिलं पाणी सुरू होतं. तेव्हा आमच्या विहिरीवर मोट होती. मोट म्हणजे चामड्याची मोठी पिशवी. बैल उतारावरून खाली गेले की जाड दोर, म्हणजे नाडा, तिला विहिरीतून वर ओढतो आणि हाकणारा त्या ताणलेल्या नाड्यावरच बसून बैलांबरोबर खाली जातो. दादा तसा बसलेला होता. पहिल्या फेरीला बैल बिथरले, पण त्यानं आवरले. हसलासुद्धा, वर बघून. बाबा, वहिनी आणि एक गडी, तिघंही धाब्याकडून विहिरीकडे धावत आले बैल धरायला. तेवढ्यात मी दुसऱ्यांदा आलो. ते हात वर करून मला नको नको म्हणत होते. बैल उतार सोडून आडवे पळाले, नाडा सैल पडला आणि पुन्हा ताणला गेला तेव्हा दादाचा पाय त्यात होता. पाण्याच्या पाटाच्या दगडांवरून बैलांनी त्याला पार दुसऱ्या बांधापर्यंत नेलं.

मी ताट बाजूला सारलं. मी वहिनीकडे बघत राहिलो. मला वाटलं, ती रागानं काहीतरी रचून सांगते आहे. मग दादाकडे बघितलं, आणि तो भिंतीकडे तोंड करून बसला होता.

मी उठून विहिरीकडे गेलो. मोटेचा उतार केव्हाच सपाट करून तिथं झाडं लावली होती. मी तिथून दुसऱ्या बांधापर्यंत पावलं मोजत गेलो. सैन्यातला माणूस, मेलेली माणसं पाहिलेला, जवळचे मित्र जळून गेलेले पाहिलेला. पण असा मी कधी हादरलो नव्हतो. त्याचा पाय घालवला मी, आणि सतरा वर्षं त्यालाच बेअक्कल म्हणत गावोगाव फिरलो. आणि हे ऐकून घेऊन तो दर वेळी म्हणायचा, चुकलं गा. मला माझी किळस आली, साधी सरळ किळस.

दादा कुबडी टेकत मागून आला. मी विचारलं, काहून नाही सांगितलं? निदान बैल बिथरले एवढं तरी लिहायचं. तो म्हणाला, बैलांचं लिहिलं असतं तर तू विचारलं असतं, कोणत्या दिवशी, कशानं. म्हणून बाबांनी शिडी काढली. दवाखान्यातून आल्यावर बाबा त्याच्या पायाशी बसून रडले होते, की मीच बोलावलं पोराला, माझीच हौस. गड्याला आणि वहिनीला त्यांनी शपथ घातली होती. गडी बाबांच्या आधीच गेला.

'तुले समजलं असतं,' दादानं विचारलं, 'तं तू पुन्हा विमानात बसला असता का?'

उत्तराची वाट न पाहता तो कुबडी टेकत वळला. जाताना एवढंच म्हणाला, त्या पोराचं वाईट करू नको.

सोमवारी ऑफिसात पोचलो आणि ते कागद पुन्हा काढले. पंख काढायची शिफारस लिहिण्याची माझी लायकी उरली नव्हती, हे तर उघडच होतं. सोडून द्यायचं म्हणूनच बसलो होतो. पण पान उलटता उलटता आईचा तो जबाब समोर आला. न्हाणीत शेवाळावरून पाय घसरला. मी तो चारदा वाचला. एप्रिल महिना, जळगावकडचं ऊन, पाण्याची बोंब, आणि म्हणे न्हाणीत शेवाळ! त्या बाईनं काय केलं होतं, ते मला तिच्या अंगठ्यासकट दिसलं. आठ दिवसांपूर्वी मी हेच पान थुंकी लावून उलटलं होतं.

आता काय करायचं? त्या बाईला पुन्हा विचारायला माणूस पाठवला असता आणि खरं बाहेर आलं असतं, तर पोरगा संपला. घरावरून विमान नेलं आणि त्यात माणूस जायबंदी झाला म्हणजे पंख तर जातातच, वर कोर्ट मार्शल. आणि नसतं विचारलं, तर हा पोरगा पंख लावून वर वर चढत जाणार, आणि एक दिवस माझ्यासारखाच भाषण देणार, की माझी आई पाहा, जुन्या चपला घालून न्हाणीत गेली. मला दोन्ही सोसवत नव्हतं.

शेवटी मी शिफारस लिहिली: बढती दोन वर्षं रोखावी, पंख राहू द्यावेत. सही केली, कागद पाठवून दिले. तेव्हा कुठे त्या पोराला बोलावलं. दार लावून घेतलं आणि मराठीतच बोललो. तुझे पंख राहिले, म्हणालो. त्याचा चेहरा असा उजळला की बघवेना. मग मी म्हणालो, चार दिवसांची रजा देतो, घरी जा आणि आईला विचार ती कशी पडली. कागदावर आता काही येणार नाही. तो म्हणाला, सर, ती न्हाणीत घसरली. मी म्हणालो, एप्रिलमध्ये शेवाळ कुठून आलं ते विचार.

पाचव्या दिवशी सकाळी तो माझ्यासमोर उभा होता. दाढी केलेली, कपडे कडक इस्त्रीचे, पण डोळे सुजलेले. आई माडीवर चढली होती, त्यानं सांगितलं. पदर हलवून दाखवायला. विमान डोक्यावरून गेलं तशी ती कान झाकायला गेली आणि तोल गेला. आता उठता येत नाही तिला, बहीण सगळं अंथरुणातच करते. त्याला सांगताना आई रडली नाही. तिनं फक्त त्याचा हात धरून ठेवला आणि नोकरी सोडू नको म्हणाली.

मग त्यानं माझ्यापुढे अर्ज ठेवला. विमान उडवण्याच्या कामातून मला मोकळं करावं, जमिनीवरचं कोणतंही काम द्यावं, शिक्षा म्हणून नव्हे, स्वतःच्या इच्छेनं.

मी तासभर त्याच्यावर ओरडलो. मूर्ख आहेस म्हणालो. तुझ्या तुकडीत तुझ्यासारखा हात नाही कोणाचा, म्हणालो, आणि ते खरं होतं. म्हणालो, आईनं खोटं सांगितलं ते तू उडावंस म्हणून, तिचं हाड काय फुकट मोडलं? तो सगळं ऐकून घेत होता. मी थकलो तेव्हा त्यानं विचारलं, उद्धटपणे नाही, खरोखर कळायला हवं म्हणून.

'सर, माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं?'

त्या रविवारनंतर पहिल्यांदाच कोणीतरी मला खरं बोलायची संधी देत होतं. दार बंद होतं, आणि ऐकणारा असा होता की त्याला समजलं असतं. माझ्या छातीवर पंख होते आणि त्याच आठवड्यात माझ्या पुढच्या बढतीचं पत्र दिल्लीहून आलं होतं.

'हेच केलं असतं,' मी म्हणालो.

त्याच्या चेहऱ्यावर त्या सकाळी पहिल्यांदा जरा समाधान दिसलं. साहेबांनीही हेच केलं असतं म्हटल्यावर त्याचं मन ठरलं. त्यानं कडक सॅल्यूट केला आणि अर्जावर माझी सही घेऊन गेला.